पुंजाच्या हाताचा वास

"बाप जिता हाय तिचा, आबा! जिता! तो काय तिथं ओट्यावर बसून लसूण सोलतोय!"

"मेला असता तर प्रश्नच नव्हता नवसा. जिता हाय हाच तर घोळ हाय."

"सख्ख्या भावाबद्दल बोलताय तुम्ही."

"सख्खा हाय म्हणून पत्रिकेत नाव टाकलं ना त्याचं."

"टाकलं! सगळ्यात खाली, मंडपवाल्याच्या वर. वाचायला चष्मा लागतो."

"हे बघ, कन्यादानाला मी अन् शकू बसणार. चांदवडचे शंभर-सव्वाशे पाहुणे येणार. त्यांच्यासमोर पाटावर बेवडा बसवू? आपली नाय, पण पोरीची तरी लाज ठेव."

"सात वर्षं थेंब नाय घेतला त्यांनी."

"सात वर्षं नाय घेतला, म्हणजे आठव्या वर्षी घेणार नाय असं कुठं लिहून दिलंय?"

"अन् तुम्ही रोज घेता त्याचं काय?"

चिमाजीने मिशीवरून हात फिरवला. तो उपसरपंच राहिलेला माणूस. अशा प्रश्नाला उत्तर देण्याआधी मिशीवरून हात फिरवायचा असतो हे त्याला ठाऊक होतं.

"मी घरात घेतो. मापात घेतो. मला कोणी गटारातून उचलून आणलं नाय."

नवसाबाई काही बोलणार तेवढ्यात तिची जाऊ शकुबाई, चिमाजीची बायको, आतून पदराला हात पुसत आली. तिने दोघांच्या मध्ये उभं राहून तोडगा काढला. तोडगा काढल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता.

"असं करा ना. लग्नाच्या दिवशी पुंजाभाऊजींना दारूचा वास नाय आला तर बसू द्या त्यांना. आला तर आपण बसू. झालं!"

"वास आला नाय पाहिजे," चिमाजी म्हणाला. "कोणाला नुसती शंका जरी आली तरी मी बसणार. हे आत्ताच सांगून ठेवतो."

ओट्यावरून आवाज आला, "चालंल दादा."

पुंजाने सोललेली पाकळी परातीत टाकली आणि पुढची घेतली. स्वतःच्या पोरीचं कन्यादान करायला मिळावं म्हणून त्याला अंगाला वास येऊ द्यायचा नव्हता, एवढंच. त्या वेळी त्याच्या बोटांना फक्त लसणाचा वास येत होता.

मखमलाबादच्या पुढे कालव्याच्या कडेला या दोघा भावांचे मळे शेजारी-शेजारी होते. चिमाजीकडे दोन एकर द्राक्षबाग. पुंजाकडे त्यातून उरलेलं, म्हणजे बारा गुंठे शेवंती आणि कडेकडेने मेथी-कोथिंबीर. वाटणी अशी कशी झाली, असं कोणी विचारलं की चिमाजी म्हणायचा, "पिणाऱ्याच्या ताब्यात बाग कशी द्यायची?" वाटणी झाली नव्वद साली. पुंजा शुद्धीवर आला चौऱ्याण्णव साली. वाटणी मात्र अजून शुद्धीवर आलेली नाही.

पुंजाला प्यायला शिकवलं कोणी, हे सगळ्या शिवाराला माहीत आहे, म्हणून ते कोणी बोलत नाही. ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीत चिमाजीच्या पॅनलची दारू वाटायचं काम पुंजाला दिलं होतं. का? तर पुंजा पीत नाही, तो मधल्या मध्ये संपवणार नाही. मतदारराजाला मात्र एकट्याने प्यायला कसंतरी होतं. "तू पण बस की पुंजा. नाय बसला तर समजू का दुसऱ्या पॅनलला मत मागतोस." पुंजा बसला. पॅनल निवडून आलं. चिमाजी उपसरपंच झाला, बाकीचे मतदार घरी गेले, आणि पुंजा बसला तो नऊ वर्षं उठलाच नाही.

त्या नऊ वर्षांत पुंजा लोकांना फार आवडायचा. हे मी थट्टेने म्हणत नाही. वरातीत बँडपुढे नाचायला पुंजा लागायचा. कोणाच्या दारात जाऊन शिव्या द्यायच्या असल्या तर पुंजाला पाजायचं, त्या दारापर्यंत नेऊन उभं करायचं आणि आपण अंधारात ऐकत बसायचं. सकाळी त्याच माणसाला भेटून "बेवडा आहे हो तो, मनावर घेऊ नका" असं सांगायला हीच मंडळी पुढे. फुकटचा बँड, फुकटची बंदूक आणि वर सगळ्यांना आपापल्या चांगुलपणाची खात्री. एका माणसाच्या दारूवर अख्खा गाव सभ्य झाला होता.

एके दिवशी पुंजा पंचवटीच्या बाजाराकडे शेवंतीच्या पाट्या घेऊन निघाला आणि पाट्यांसकट नाल्यात गेला. नवसाबाईने रिक्षा केली. भिजलेल्या पाट्या पायाशी, भिजलेला नवरा शेजारी. फुलं बाजारात उतरवली, नवरा पुढे शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रावर उतरवला. महिनाभराने तो परत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते आणि डोळ्यांतली लाली गेली होती. दर गुरुवारी पंचवटीत एका खोलीत त्याच्यासारख्यांची बैठक असायची. तिथे तो सायकलवर जायला लागला. एक गुरुवार चुकवला नाही.

गावाला वाईट वाटलं. हो, वाईटच.

"किती दिवस टिकंल?"

"गटारी येऊ दे. मग बघू."

गटारी आली. श्रावण लागायच्या आदल्या संध्याकाळी तरुण मंडळाचा भारत चार-पाच पोरांना घेऊन पुंजाच्या दारात उभा. भारतच्या एका हातात पेला, दुसऱ्या हातात कोंबडीच्या रश्श्याची वाटी.

"पुंजाकाका, आज एक तर घ्यायलाच लागंल. सणाचं नाय म्हणू नये."

"नको रे बाबा."

"आम्ही काय परके झालो का?"

"तसं नाय भारत."

"बघा, बघा! चार अक्षरं काय शिकून आला केंद्रातून, लगेच आम्ही घाण झालो!"

पुंजाने रश्श्याची वाटी घेतली आणि पेला परत दिला. पोरं परत जाताना मोठ्याने म्हणाली, "माजलाय." नऊ वर्षं जो नाल्यात पडत होता तो कधी माजलेला नव्हता. एक पेला परत केला आणि माजला.

याच भारतने पुढे दर दोन ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवायला सुरुवात केली. त्यात पुंजाला मंचावर बसवायचे. खुर्ची अगदी कडेची, प्लास्टिकची, एक पाय वाकडा. भारत माइक हातात घेऊन सांगायचा, "मित्रांनो, आपल्यातलाच एक माणूस, जो अक्षरशः गटारात लोळत होता..." आणि 'लोळत' या शब्दावर खांदे हलवून दाखवायचा. पोरं हसायची. मग पुंजाला शाल, नारळ आणि प्रश्न, "काका, सांगा ना, गटारात कसं वाटायचं?" एका वर्षी पुंजा म्हणाला, "गार." टाळ्या पडल्या. मंडळाच्या पोरांना ते फार आवडलं. कार्यक्रम झाल्यावर ती सगळी हायवेवरच्या हॉटेलवर बसायला गेली. पुंजा शाल घडी करून सायकलच्या कॅरिअरला लावून घरी आला. अशा सहा शाली झाल्या होत्या. नवसाबाई त्या शेवंतीच्या पाट्या झाकायला वापरायची.

नाव? नाव लांबलं, एवढंच झालं. पूर्वी तो 'पुंजा बेवडा' होता. आता तो 'पुंजा, तो रे, आधी बेवडा होता तो' झाला. विहिरीवरची केबल चोरीला गेली की पहिली चौकशी अजूनही पुंजाच्या दारात. केबल सापडली की सांगायला कोणी येत नसे.

सगळ्यात मोठा कार्यक्रम दसऱ्याला. आपट्याचं सोनं द्यायला माणसं एकमेकांना गळाभेट देतात. पुंजाच्या गळ्यात लोक जरा जास्त वेळ पडायचे. नाक त्याच्या कानाखाली, एक खोल श्वास, मग "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." बाजूला होताना मागच्याला डोळ्यांनी खूण, 'नाय, आज नाय आला.' म्हाताऱ्या बायासुद्धा पाया पडायला वाकलेल्या पुंजाचं डोकं जवळ ओढून हुंगायच्या. देवळातल्या मूर्तीला इतकं जवळून कोणी पाहत नाही.

मग पुंजानेच सोपं करून दिलं. कोणी भेटलं की तो तोंड पूर्ण उघडून "रामराऽऽम" म्हणायचा. शेवटी श्वास सोडायचा, मोठा, समोरच्याच्या तोंडावर. जकात नाक्यावर गाडीवाला ताडपत्री स्वतःच वर करून दाखवतो, तसं. समोरच्याने हुंगावं, मान हलवावी, पुढे जावं.

त्याची मुलगी तृप्ती बारावीत असताना एकदा रस्त्यातच थांबली होती. तिच्या वर्गातल्या पोराचा बाप समोरून आला, आणि पुंजाने त्याच्या तोंडावर रामराम सोडला.

"नाना, असं का करता?"

"काय केलं?"

"तोंड का दाखवता सगळ्यांना?"

"लोकांना बरं वाटतं ग."

"तुम्हाला बरं वाटतं का?"

पुंजाला हा प्रश्न केंद्रातल्या समुपदेशन करणाऱ्या बाईंनीसुद्धा विचारला नव्हता. तो म्हणाला, "चल, उशीर होतोय," आणि पुढच्या माणसाला परत तोंड उघडून रामराम केला.

आता द्राक्षाची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. घडाचे मणी फुगावेत म्हणून बागायतदार ते घड जीए नावाच्या औषधात बुडवतात; त्यालाच डिपिंग म्हणतात. पांढरी पावडर, चिमूटभर. ती पाण्यात विरघळत नाही. आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची, ज्याला वास थेट दारूचा, मग ते द्रावण पाण्यात बारीक धारेने सोडायचं, ढवळत ढवळत. जास्त झालं तर देठ जाड होतात, कमी झालं तर मणी वाटाण्याएवढे राहतात. आमच्या शिवारात हे काम पुंजाइतकं कोणाला जमत नाही. ज्या हातात पेला टिकत नव्हता तो हात धार धरून उभा राहिला की थेंब हलत नाही. डिसेंबर लागला की या बागेतून त्या बागेत पुंजाला बोलावणी. लोकांनी त्याला लग्नाच्या पाटावर बसवलं नसतं, पण स्पिरिटची बाटली त्याच्या हातात द्यायला कोणाला भीती वाटली नाही. मणी फुगायचे असतात तेव्हा माणसं धीट होतात.

पुंजाचा मात्र एक नियम होता. बाटली उघडताना नाकातोंडाला उपरणं बांधायचं, आणि शेजारी कोणीतरी असल्याशिवाय बूच काढायचं नाही. सात वर्षांत त्याने एकदाही एकट्याने ती बाटली उघडली नाही. हा नियम त्याने कोणाला सांगितला नव्हता. नवसाबाईला तो पाहून पाहून समजला होता.

लग्न दोन हजार एक सालच्या डिसेंबरातलं, मार्गशीर्षातलं. मुहूर्त दुपारी बारा वाजून वीस मिनिटांचा. नवरा मुलगा धनराज चांदवडचा, सातपूरला कंपनीत मशीनवर. त्याचे वडील वारले होते, म्हणून बापाच्या जागी त्याचे चुलते सावळीराम. चांदवडकडचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कांदेवाले लोक.

सकाळी पुंजा न्हाऊन तयार होता. नवा पांढरा सदरा, टोपी. नवसाबाईने लांबूनच विचारलं, "दात घासले का परत?"

"तीनदा."

"लवंग ठेवा तोंडात."

"लवंग ठेवली तर म्हणतील, वास दाबायला ठेवली."

"मग राहू द्या."

अकराला चिमाजी धावत आला. तोही नव्या सदऱ्यात, खांद्यावर शाल, कानात अत्तराचा फाया.

"पुंजा, चल लवकर. दहा मिनिटांचं काम हाय."

"काय झालं दादा?"

"पेठकडच्या बाया आल्यात डिपिंगला. मणी आज चार मिलिमीटर झालेत. उद्या करतो म्हटलं तर मणी पुढं जातील. औषध कोण कालवणार?"

"दादा, आज?"

"माझ्या हातानं गुठळ्या होतात, तुला माहीत हाय. अन् बाग काय माझ्या एकट्याची हाय का? हा मांडव कोणाच्या बागेवर उभा हाय?"

नवसाबाई दारातून म्हणाली, "आबा, सदरा नवा हाय त्यांचा."

"सदऱ्याला काय होतंय? बाही वर कर."

पुंजा गेला. न जाणारा माणूस तो नव्हता, आणि हे चिमाजीइतकं कोणाला माहीत नव्हतं. कोणी म्हणेल, हा चिमाजीचा डाव होता. छे. डावाला डोकं लागतं. चिमाजीला फक्त मणी दिसत होते.

बागेच्या कडेच्या शेडमध्ये पेठकडची बयाबाई कॅन घेऊन थांबली होती. दरवर्षी थंडीत ती आणि तिच्या पाड्यातल्या बाया इथे कामाला येतात. पुंजाने तोंडाला उपरणं बांधलं. बाटलीचं बूच घट्ट बसलं होतं.

"दादा, तू धर, मी ओढतो."

चिमाजीने दोन्ही हातांनी बाटली धरली. पुंजाने ओढलं. बूच निघालं ते झटक्याने, आणि स्पिरिट उडालं. दोघांच्या मनगटांवर, दोघांच्या बाह्यांवर, अगदी कोपरापर्यंत.

"अग बाय! भिजलं की दोघं!" बयाबाई म्हणाली.

"वाळंल," चिमाजी म्हणाला. "लवकर कालव."

पुंजाने द्रावण केलं. मग नळावर जाऊन साबणाने, मग राखेने, मग परत साबणाने हात धुतले. बाही धुवायला वेळ नव्हता. ओल्या बाहीने मांडवात कसं जाणार? तो बाही झटकत, उन्हात धरत, चालत आला. चिमाजी फटफटीवरून पुढे गेला होता.

मांडवात व्याहीभेट सुरू झाली. बुक्का लावायचा, हार घालायचा, एकमेकांना कडकडून भेटायचं. सावळीराम मोठ्या अंगाचे. त्यांनी पुंजाला मिठीत घेतलं, पुंजाचा हात त्यांच्या पाठीवरून खांद्यावर आला, बाही थेट नाकापाशी. सावळीरामांची मिठी सैल झाली. ते एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी शेताच्या बांधावरून हाक मारावी अशा आवाजात म्हटलं,

"अहो, हे तर सकाळीच घेऊन आलेत!"

सनई वाजवणाऱ्याने सनई तोंडातून काढली. कॅसेट नव्हती, खरा माणूस होता, त्यालाही ऐकायचं होतं.

"नाय पाव्हणं," पुंजा म्हणाला. "औषध हाय. द्राक्षाचं औषध. त्यात स्पिरिट असतं."

"आमच्याकडं पण औषधच म्हणतात!"

चांदवडकर हसले. कांदेवाल्यांनी हसावं, त्यांना जीए काय माहीत? त्यांच्याकडे कांद्याला कोणी बुडवत नाही. पण मांडवात आमच्या शिवारातले पन्नास तरी बागायतदार होते. प्रत्येकाच्या शेडमध्ये तीच बाटली, तीच पावडर. त्यातल्या निम्म्यांचं औषध त्याच आठवड्यात पुंजाने कालवलेलं होतं. नुसतं एकाने म्हणायचं होतं, 'पाव्हणं, खरं बोलतोय तो.'

सगळ्यांनी वर पाहिलं. मांडवाच्या छताला गुलाबी झालर होती. चांगली होती झालर. भारतने तर बोटाने दाखवून कोणाला तरी विचारलं, "कोणाचा मंडप रे?"

पुंजाने तोंड उघडलं. सवयीने. सावळीरामांच्या तोंडावर श्वास सोडला. "बघा की पाव्हणं. तोंडाला बघा."

"अहो, दूर व्हा, दूर!"

"दादा," पुंजा वळला. "दादा, तू सांग ना. तू तिथंच होता."

चिमाजीने मिशीवरून हात फिरवला.

"पुंजा, पाहुण्यांसमोर तमाशा नको. आपलं ठरलं होतं ना? नुसती शंका जरी आली तरी, असं ठरलं होतं."

"पण तुझ्यासमोर सांडलं ना दादा."

"ते नंतर बघू. मुहूर्त टळतोय."

शकुबाई तोपर्यंत पैठणी सावरत पाटापाशी पोहोचलीही होती. नवसाबाई पुढे झाली तेव्हा तिला बायकांनी दोन्हीकडून धरलं. "जाऊ दे नवसा. पोरीचं लग्न हाय. अपशकुन नको." नवऱ्याचा अपमान शकुन असतो, बायकोने बोलणं अपशकुन.

मंगलाष्टकं झाली. पुंजा आणि नवसाबाईने मांडवाच्या खांबाशी उभं राहून अक्षता टाकल्या. त्यांच्या अक्षता पोरीपर्यंत पोहोचल्या नाहीत, पुढे भारत उभा होता. मग चिमाजी आणि शकुबाई पाटावर बसले. गुरुजींनी संकल्प सोडायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूने बयाबाई रिकामा कॅन घेऊन आली. अंगावर कामाचं लुगडं, कोपरापर्यंत हात चिकट.

"आबा, औषध सरलं. चार ओळी राहिल्या. पुंजादादाला धाडता का?"

"आत्ता नाय! जा तू!" चिमाजी पाटावरूनच ओरडला.

पण सावळीराम जवळच बसले होते. त्यांच्या नाकाने कॅनचा वास घेतला. ते उठले, कॅन हातात घेतला, तोंडाशी नेला, मग बयाबाईला म्हणाले, "मावशी, हात दाखवा." त्यांनी तिचा हात हुंगला. कॅन परत हुंगला. मग त्यांनी खांबाशी उभ्या असलेल्या पुंजाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, आवाज मोठा होता एवढंच.

"अहो व्याही... हे तर खरंच औषध हाय. मला काय माहीत? आमच्याकडं कांदा. चुकलं बुवा. या, या, तुम्ही बसा पाटावर."

पुंजा एक पाऊल पुढे आला.

"आता कसं?" चिमाजी म्हणाला. "बसलो आम्ही. संकल्प झाला. काय हो गुरुजी?"

गुरुजींना दीड वाजता पंचवटीत दुसरं लग्न होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहून शास्त्र सांगितलं. "एकदा बसलेल्या यजमानाला उठता येत नाही."

"बघ," चिमाजी पुंजाला म्हणाला. "शास्त्र हाय. आता तू कशाला मन खट्टू करतो? मी काय, तू काय, एकच."

आता मांडवाला जाग आली. आता सगळ्यांना आवाज फुटला. "अरे हो, जीएचाच वास तो!" "मला आलं होतं लक्षात." "पुंजा असं करणार नाय, मी म्हणत होतो." कोणाला म्हणत होते, देव जाणे. पुंजा निर्दोष आहे हे सगळ्यांना पटलं, आणि तो खांबाशीच उभा राहिला.

नवरदेव धनराजने मुंडावळ्या सरळ केल्या. त्याने एकदा काकाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. सातपूरच्या कंपनीत दोन मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात.

चिमाजीने तृप्तीचा हात हातात घेतला. शकुबाईने पाण्याची धार धरली. तृप्तीने मान खाली घातली, सगळ्यांना वाटलं रडतेय. तिने नाक चिमाजीच्या बाहीजवळ नेलं आणि स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"आबा, तुमच्या बाहीला पण तोच वास येतोय."

शकुबाईची धार हलली. मग भारत हसला, आणि त्याच्या मागे मांडव हसला. "बोलकी हाय पोरगी पहिल्यापासून!" "सासू, सांभाळा!" चिमाजीही हसला. पन्नास बागायतदारांपैकी एकानेही त्याची बाही हुंगली नाही. गुरुजींनी मंत्र जरा जोरात म्हटला. पाणी पडलं. कन्यादान झालं.

पाठवणीच्या वेळी तृप्ती बापाच्या गळ्यात पडली. दसऱ्याला लोक पडतात तशी नाही. तिने त्याची बाही दोन्ही मुठींत धरली.

"नाना, एक ऐकाल?"

"बोल."

"आता तोंड दाखवू नका कोणाला. कोणालाच."

तिसऱ्या दिवशी सकाळी चिमाजीने पुंजाला शेडमध्ये बोलावलं. राहिलेल्या चार ओळी आणि शिवाय खालच्या अर्ध्या एकराची दुसरी बुडवणी. चिमाजीने खुर्ची पुढे केली. चांगली, चारही पाय सरळ असलेली.

"ये, ये. बस. चहा घेतो? नाय? बरं. सावळीरामांचा फोन आला होता. लय वाईट वाटलं म्हणे त्यांना. म्हणाले, तुमचे बंधू म्हणजे देवमाणूस. मी म्हटलं, मग! आहेच!"

पुंजा बसला नाही.

"हे बघ, झालं ते झालं. त्या गडबडीत कोणाला सुचतं का? मी तरी काय करणार होतो? अन् एक गंमत सांगू, काल मी स्वतः कालवून बघितलं. गुठळ्या! सगळं ओतून दिलं. बयाबाई हसत होती मला." चिमाजीने बाटली आणि पावडरची पुडी टेबलावर त्याच्यापुढे सरकवली. "तुझा हात तो तुझाच हात. दहाला बाया येतील. कालवून देतो ना?"

बाहेर बयाबाई कॅन धूत होती. म्हणजे दादाला मोजलं नाही तरी शेजारी कोणीतरी होतं, नियम मोडत नव्हता. पुंजाने बाटली उचलली. चिमाजी पुढे झुकला. बाटली बघायला नव्हे, सवयीने, हुंगायला.

पुंजाचं तोंड बंद होतं. रामराम त्याने आल्यावरही घातला नव्हता. त्याने बूच अंगठ्याने आणखी घट्ट दाबलं, बाटली चिमाजीच्या दोन्ही हातांत दिली, नीट धरली आहे ना ते पाहिलं, आणि शेडच्या बाहेर आला. गुरुवार होता, बैठकीचा दिवस. सायकल बांधाला टेकवलेली होती.

"अरे पुंजा! मी काय समजू? येतोस का नाय दहाला?"

बयाबाईने धुतलेला कॅन उपडा ठेवला आणि त्याला वाट दिली.

"पुंजा! तोंडानं बोल की! मणी थांबायचे नाय!"

पुंजाने सायकल पंचवटीच्या दिशेने वळवली, टांग टाकली, आणि गेला.